विंडेलफ्योर्डचे काळे पाणी

मित्रांनो, मी एक म्हातारी पितळी बाटली आहे. विंडेल गावच्या शाळेत, ओले कोट अडकवायच्या खुंट्यांच्या वर, दोन खिळ्यांवर मी आडवी टांगलेली असते. मला पाहून कोणी बाटली म्हणणार नाही. दोन्ही टोकांना झडपा असलेली, हातभर लांबीची नळीच दिसते मी. माझ्या एका कुशीला काचेचे दोन तापमापक बसवलेले आहेत. माझे काम एकच होते. तारेला लटकून समुद्रात खोल जायचे, तिथे पोचल्यावर उलटायचे, उलटताना दोन्ही तोंडे मिटून तिथले पाणी पोटात धरायचे आणि वर आणून द्यायचे. हे काम मी एकोणीस वर्षे केले. त्यातल्या एकाही दिवशी मी न घाबरता खाली गेले नाही.

बर्गन शहरातल्या एका तळघरात, लेथवर काम करणाऱ्या एका अबोल म्हाताऱ्याने मला घडवले. माझ्या झडपा मिटून त्याने मला पाण्याच्या टबात बुडवले आणि एकही बुडबुडा येत नाही हे पाहिले. मग फडक्याने पुसून मला आणि माझ्या सहा बहिणींना भुशाच्या खोक्यात ठेवले. आम्ही समुद्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत गेलो. तिथे आम्हाला नंबर मिळाले. मी सात नंबर.

आम्ही कसे काम करतो ते सांगते. तारेवर सातही जणींना वेगवेगळ्या खोलीवर अडकवतात. सगळ्या खाली पोचल्या की वरून तारेवर एक छोटे वजन सोडतात. त्याला निरोप्या म्हणतात. तो घसरत येतो, पहिल्या बाटलीच्या कडीवर आदळतो, ती उलटते, आणि तिच्याखाली टांगलेला दुसरा निरोप्या सुटून पुढच्या बाटलीकडे निघतो. अंधारात लटकून त्या ठोक्याची वाट पाहणे फार वाईट. तार थरथरते, वरून काहीतरी येत असते, आणि ते दिसत नाही.

चौथ्या वर्षी, हिवाळ्यातल्या एका वादळात तार तुटली. त्या दिवशी मी तारेवर सगळ्यात वर होते, म्हणून मला आधी बाहेर घेऊन तारेवरून सोडवले होते. मला हातात धरलेला खलाशी दचकला आणि मी लोखंडी डेकवर आपटले. माझी कडी वाकली. पण माझ्या बहिणी अजून पाण्यात होत्या. तुटलेले टोक सापासारखे बोटीवरून सळसळत गेले आणि सहाच्या सहा जणी तळाला गेल्या. त्या दिवसापासून तारेचा जरासा वेगळा आवाज झाला तरी माझ्या काळजाचा ठोका चुकतो.

माझी कडी पुन्हा सरळ करण्यात आली. नव्या सहा बाटल्या आल्या. पण माझ्यावर एक शिक्का बसला. 'सात नंबरची कडी ढिली आहे, ती निरोप्या यायच्या आधीच मधेच कुठेतरी उलटते,' असे कोणीतरी एकदा म्हटले आणि मग सगळेच म्हणू लागले. माझ्या कमरेला कोणीतरी लाल रंगाचा पट्टाही मारला. खरे सांगते, कडी सरळ केल्यानंतर मी एकदाही आधी उलटले नव्हते. पण बाटलीला बोलता येत नाही.

मग सुन्निवा आली.

सुन्निवा पंचवीस वर्षांची होती. पदवी झाली होती, आता वरच्या पदवीसाठी तिला एका फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या लांब, खोल खाडीच्या पाण्याचा अभ्यास करून प्रबंध लिहायचा होता. तिच्या वाट्याला विंडेलफ्योर्ड आला. दीड वर्ष, दर महिन्याला, ती बर्गनहून आमचे खोके घेऊन बसने विंडेलला यायची. तिथे ओडवारच्या घरी माळ्यावरच्या खोलीत राहायची आणि ओडवारच्याच 'टेर्ना' नावाच्या जुन्या मासेमारी बोटीतून आम्हाला पाण्यात सोडायची. ओडवार साठीचा होता. बायको जाऊन बरीच वर्षे झाली होती. तोंडाने खवचट, हाताने मायाळू.

"तुझं हे बरं आहे," तो तिला म्हणायचा. "आम्ही पाण्यातून मासा काढतो. तू पाण्यातून पाणी काढतेस."

"मासा काढल्यावर संपतो. माझं पाणी संपत नाही."

"म्हणूनच तुझा प्रबंधही संपत नाही."

विंडेलफ्योर्डच्या तोंडाशी, पाण्याखाली, खडकाचा एक उंबरठा आहे. त्याच्यावर जेमतेम वीस मीटर पाणी. उंबरठ्याच्या आत मात्र फ्योर्ड एकदम पावणेदोनशे मीटर खोल होतो. वरवरचे पाणी भरती-ओहोटीला ये-जा करते, पण तळाचे पाणी उंबरठ्यामागे कोंडून पडते. वर्षानुवर्षे ते हलत नाही. त्यातला प्राणवायू संपतो आणि ते नासते. असे पाणी वर आणले की सडक्या अंड्यांचा वास येतो आणि पितळ काळे पडते.

मित्रांनो, त्या पाण्यात जायची मला किती भीती वाटायची ते शब्दांत सांगता येणार नाही. साठ मीटरपर्यंत काहीतरी जिवंत असायचे, एखादा मासा चाटून जायचा, एखादी जेलीफिश तारेला चिकटायची. त्याखाली शंभराच्या पुढे काहीच नाही. हालचाल नाही, आवाज नाही. वर यायचे तेव्हा माझे अंग काळे झालेले असायचे आणि सुन्निवा मला गोड्या पाण्याने धुऊन, जुन्या लोकरी मोज्याने पुसायची. "झालं, झालं," म्हणायची, जणू मी एखादे मूल आहे.

तिची भीती वेगळी होती. कोंडलेले पाणी कायमचे कोंडलेले राहत नाही, हे तिला अभ्यासातून ठाऊक होते. कधीतरी वाऱ्याचा रोख बदलतो, बाहेरच्या समुद्रातले जास्त खारे आणि जास्त जड पाणी उंबरठ्यापर्यंत चढते आणि आत सांडते. जड पाणी थेट तळाला जाते. मग तळाचे नासके पाणी वर ढकलले जाते. आणि विंडेलफ्योर्डच्या आतल्या टोकाला बोर्गहिल्डचे माशांचे पिंजरे होते.

बोर्गहिल्ड पन्नाशीची, रुंद खांद्यांची बाई. जाळ्यांचे सहा मोठे गोल पिंजरे पाण्यावर तरंगत ठेवून तिने त्यात सॅल्मन मासे वाढवले होते. गावात असे काम करणारी ती पहिली. आधी लोक हसले, मग तिच्याकडे कामाला आले.

आदल्या ऑक्टोबरात सुन्निवाला उंबरठ्याबाहेर जड पाणी सापडले. ती धावत बोर्गहिल्डकडे गेली आणि पिंजरे बाहेर ने म्हणाली. बोर्गहिल्डने दोन पिंजरे ओढून बाहेर काढलेही. वाटेत वारा उलटला, एक जाळे फाटले आणि हजारो मासे समुद्रात निघून गेले. जड पाणी मात्र उंबरठ्यावरूनच मागे फिरले. आत काहीच झाले नाही.

बोर्गहिल्ड तेव्हा ओरडली नाही. ती फक्त म्हणाली, "पुढच्या वेळी खात्री करून ये."

बर्गनला सुन्निवाचे मार्गदर्शक होते हाल्फदान. पांढऱ्या दाढीचे, सावकाश बोलणारे. त्यांनी तिचे आकडे पाहिले आणि सांगितले, "घाबरून बोललेलं शास्त्र नसतं, सुन्निवा. तीनदा खात्री कर, मग तोंड उघड."

त्यानंतर ती बदलली. आमचे तापमापक वाचताना तिची भिंगाची काच थरथरायची. एकच आकडा ती चार-चार वेळा वाचायची. गावात दूध आणायला गेली तरी मान खाली घालून जायची.

मग मे महिना आला. पंधरा तारीख होती. महिनाभर उत्तरेचा कोरडा वारा चालला होता. सुन्निवाने मला नेहमीप्रमाणे सगळ्यात खाली अडकवले. तारेचा रहाट फिरू लागला. साठ मीटर गेले. शंभर गेले. मी नेहमीच्या त्या मेलेल्या पाण्यासाठी मन घट्ट केले.

पण तळाशी पाणी हलत होते.

ते थंडगार होते आणि ते वाहत होते. उंबरठ्याच्या दिशेकडून काहीतरी मोठे, जड, तळाला घासत पुढे सरकत होते आणि मला बाजूला लोटत होते. दीड वर्ष जिथे पानही हलले नसते, तिथे आता कोणीतरी चालत होते. मला वाटले, तार तुटेल. मला वाटले, माझ्या बहिणी कुठेतरी इथेच आहेत. इतक्यात वरून ठोका आला, मी उलटले आणि ते थंड पाणी पोटात घेऊन तोंड मिटले.

वर आल्यावर सुन्निवाने एकेक बाटली उघडली. चार नंबरची साठ मीटरवरून आलेली होती. तिच्या पाण्याला वास येत होता. तिथे आजवर कधी वास आला नव्हता. पाच आणि सहा नंबरच्या पाण्याने तर ओडवारने नाकाला रुमाल लावला. मग तिने मला उघडले. माझ्या पाण्याला वासच नव्हता.

"ही बरी निघाली," ओडवार म्हणाला. "हिच्या पाण्याची कॉफी होईल."

सुन्निवा हसली नाही. तिने माझे दोन्ही तापमापक वाचून वहीत आकडे लिहिले. माझ्या पाण्याची कुपी भरली, त्यात औषध टाकले. थोड्या वेळाने कुपीच्या तळाशी तपकिरी साका बसला. म्हणजे या पाण्यात प्राणवायू होता. तिचा चेहरा पांढरा पडला. मी पाहत होते. क्षणभर तिला सगळे कळले होते, अशी माझी खात्री आहे.

मग तिची नजर माझ्या लाल पट्ट्यावर गेली.

"सात नंबर आहे," ती हळूच म्हणाली. "वरच कुठेतरी उलटली असणार. चाळीस मीटरवरचं पाणी दिसतंय हे."

"पुन्हा सोडून बघायची का?"

"नको. तुला सणाचे झेंडे लावायला जायचंय ना."

"झेंडे परवा आहेत, पोरी."

"राहू दे, ओडवार. बाटलीच वाईट आहे."

तिने माझ्या आकड्यांवर आडवी रेघ मारली. आणि मित्रांनो, रेघ मारल्यावर तिने सुटकेचा श्वास सोडला. तो श्वास मी आजही विसरलेले नाही. त्या श्वासाचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते. माझ्या पोटात जे होते ते खरे होते, आणि ते सांगायला माझ्याकडे तोंड नव्हते.

सतरा मे हा या लोकांचा मोठा सण. त्या दिवशी मुले झेंडे घेऊन मिरवणुकीने निघतात, बँड वाजतो, बाया-पुरुष आपापल्या भागाचा पारंपरिक पोशाख घालतात. ओडवारच्या स्वयंपाकघरात सकाळी कॉफी उकळत होती. बाहेर कुठेतरी ट्रम्पेटचा सराव चालला होता. माझी कडी दुरुस्त करून घ्यायला सुन्निवाने मला टेबलावर आणून ठेवले होते, तपकिरी चीजच्या तुकड्याशेजारी.

ओडवारने चष्मा लावला. कडी ओढून पाहिली. वाकवून पाहिली. मग मला उभे धरून तीनदा टेबलावर आपटले.

"काय करतोयस?"

"ही ढिली कुठाय?" तो म्हणाला. "माझ्या घराचं दार इतकं घट्ट लागत नाही. ठोका दिल्याशिवाय ही बाई उलटायची नाही."

"सगळे म्हणतात की..."

"सगळे मलाही दारुडा म्हणतात. आठ वर्षं झाली मी प्यायलो नाही."

सुन्निवाच्या हातातला पाव तसाच राहिला.

आता इथे माझ्या दोन तापमापकांबद्दल सांगायला हवे. एकाला जाड काचेचे कवच आहे. तो खरे तापमान दाखवतो. दुसरा उघडा आहे. खोल पाण्याचा दाब त्याला पिळतो, म्हणून तो थोडे जास्त दाखवतो. दर शंभर मीटरला साधारण एक अंश जास्त. दोघांमधला फरक पाहिला की बाटली नेमकी किती खोलीवर उलटली ते समजते. दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही. सुन्निवाने परवा दोन्ही आकडे लिहिले होते. वजाबाकी केली नव्हती.

तिने वही उघडली. रेघेखालचे आकडे अजून वाचता येत होते. सहा पूर्णांक चार. आठ पूर्णांक एक.

"एक पूर्णांक सात," ती म्हणाली.

"म्हणजे काय?"

"म्हणजे एकशेसत्तर मीटर." तिने वहीवर बोट ठेवले. "तळाशीच उलटली होती ती. पाणी आलंय, ओडवार. परवाच आलं होतं. साठ मीटरवर वास आला तो त्यामुळेच. नासकं पाणी वर येतंय."

"किती वेगानं?"

"माहीत नाही."

तिने भिंतीवरचा फोन उचलून हाल्फदानना लावला. खूप वेळ घंटी वाजली. सणाच्या दिवशी कोण घरी असणार. तिने फोन ठेवला आणि दोन्ही तळवे टेबलावर टेकवून उभी राहिली.  

"तीनदा खात्री करायची," ती स्वतःशीच म्हणाली. "चुकले तर बोर्गहिल्ड मला गावात उभं करणार नाही."

ओडवारने टोपी घातली. "दुसऱ्यांदा खात्री करायला बोट आहे. चल. मिरवणुकीला अजून तास आहे."

पिंजऱ्यांपासून थोड्या अंतरावर त्यांनी मला एकटीला सोडले, हाताने, फक्त वीस मीटर. वर ऊन होते, काठावर झेंडे फडफडत होते. दहा मीटरखाली मी त्या मेलेल्या पाण्यात शिरले. इतक्या वर. जे शंभर मीटर खाली होते ते आता माणसांच्या इतके जवळ आले होते. माझ्याभोवती लहान मासे होते, ते सरळ पोहत नव्हते. ते पानांसारखे गिरक्या घेत होते.

मला वर काढल्यावर सुन्निवाने पाणी काढायची माझी तोटी उघडली आणि दोघांनाही ठसका लागला. तिसऱ्यांदा खात्री करायची गरज उरली नाही.

बोर्गहिल्ड शाळेच्या मैदानावर होती. काळा लोकरी झगा, भरतकामाची चोळी, छातीवर चांदीचे पदक, त्याला लोंबणाऱ्या बारीक चकत्या. मुले रांगेत उभी होती. सुन्निवा माझ्यासकट धावत आली. बूट ओले, केस सुटलेले. लोक बघू लागले.

"बोर्गहिल्ड, पिंजरे हलवायला हवेत. आत्ता."

बोर्गहिल्डने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "ऑक्टोबरातही तू अशीच आली होतीस."

"हो."

"माझे किती मासे गेले माहिताय?"

"माहिताय." सुन्निवाने मला पुढे केले आणि तोटी सोडली. मातीवर पाणी सांडले. जवळच्या दोन बायका तोंड दाबून मागे सरल्या. "हे तुझ्या पिंजऱ्यांच्या बाजूचं आहे. वीस मीटरवरचं."

बोर्गहिल्डने वास घेतला.  "हे कधीपासून आहे?"

मला वाटले, सुन्निवा गप्प राहील. राहिली असती तर कोणालाही कळले नसते. तो आकडा तिच्या वहीत होता आणि वहीवर रेघ होती.

"परवापासून," ती म्हणाली. "आकडा माझ्याकडे होता. मी तो खोडला. मला पुन्हा चुकायची भीती वाटली म्हणून."

 बँडवाल्यांनी वाद्ये खाली केली होती. बोर्गहिल्ड तिच्याकडे इतका वेळ पाहत राहिली की मला वाटले, ती आता हात उगारणार. पण ती ओडवारकडे वळली.

"किती बोटी निघतील?"

"सजवलेल्या आहेत सगळ्या."

"मग सजवलेल्या घ्या."

असे पाणी आणि असा दिवस मी पुन्हा पाहिला नाही. झेंडे, पताका, बर्च झाडाच्या डहाळ्या लावलेल्या नऊ बोटी, सणाच्या कपड्यांतली माणसे, आणि मागे दोरखंडांनी बांधलेले पिंजरे. पिंजरा जोरात ओढला तर जाळे माशांना चिरडते, म्हणून चालणाऱ्या माणसापेक्षाही हळू जावे लागते. उंबरठ्यापर्यंत तीन किलोमीटर. कोणी गात नव्हते. माणसे सारखी मागे वळून पाण्याचा रंग बघत होती.

सुन्निवा 'टेर्ना'वर होती. दर काही मिनिटांनी ती मला हाताने खाली सोडायची आणि वर काढून वास घ्यायची. नासके पाणी आठ मीटरवर. सात. पाच.  ती फक्त बोटांनी ओडवारला आकडा दाखवायची.

दुपारी दोनपर्यंत चार पिंजरे उंबरठ्यापार गेले. बोटी शेवटच्या दोघांसाठी परत फिरल्या. तेव्हा पाण्याचा रंग बदलला. आधी हिरवे, मग दुधात शेवाळ कालवल्यासारखे. वास इतका जड की डोळ्यांतून पाणी येत होते. त्या दोन पिंजऱ्यांत सगळे मासे वर आले होते. हजारो तोंडे पाण्याबाहेर उघडझाप करत होती. त्याचा आवाज येत होता, मित्रांनो. पावसाच्या सरीसारखा बारीक आवाज.

बोर्गहिल्ड पिंजऱ्याच्या लाकडी कडेवर उभी होती, झगा गुडघ्यांपर्यंत भिजलेला.

"खाली उतर तिथून," ओडवार ओरडला. "हवा वाईट आहे, डोकं धरेल. पडशील."

"ओढायला वेळ आहे का?" तिने सुन्निवाला विचारले.

सुन्निवाने मला सोडले. दोन मीटर. मी बाहेर आले ती काळी होऊन.

"नाही," सुन्निवा म्हणाली. या वेळी तिने चार वेळा पाहिले नाही.

बोर्गहिल्डने कमरेची सुरी काढली आणि जाळे कापायला घेतले. ज्यांना जाता येईल त्यांनी जावे म्हणून. सुन्निवाही उडी मारून कडेवर चढली, एका हाताने नाकाला मफलर धरून दुसऱ्याने जाळे ओढू लागली. मासे सुटले. थोडे ओढ्यांतून येऊन वर तरंगणाऱ्या गोड्या पाण्याच्या पातळ थरातून वाट काढत बाहेर गेले. बाकीचे उघड्या जाळ्यातच राहिले, आधी कुशीवर, मग पोट वर करून. हळूहळू तो पावसासारखा आवाज थांबला.

ओडवारने दोघींना दंडाला धरून बोटीवर ओढले. बोर्गहिल्डला ओकारी झाली. तोंड पुसताना तिचा हात छातीवरच्या पदकाला लागला. सकाळी लखलखणारी चांदी काळी ठिक्कर पडली होती, एकूण एक चकती. ती पदकाकडे बघत राहिली. आजीचे होते ते.

मग ती सुन्निवाला म्हणाली, "परवा सांगितलं असतंस तर सहाही वाचले असते."

"हो."

"मी तुला 'खात्री करून ये' म्हणाले होते. तू खात्री होण्याची वाट बघत बसलीस. तेही खरंच." तिने बोटीच्या कडेवर डोके टेकवले. "पुढच्या वेळी भ्यायलेली असलीस तरी ये. ठरवायचं काय ते मी ठरवीन. मासे माझे आहेत."

तीन दिवस फ्योर्डवर मेलेले मासे तरंगत होते. माणसे होड्यांतून ते गोळा करत. सुन्निवा बर्गनला परत गेली नाही. ती रबरी हातमोजे घालून त्यांच्यात मिसळली. कोणी तिला हाकलले नाही. फार कोणी बोललेही नाही.

त्या हिवाळ्यात तिने प्रबंध पूर्ण केला. संस्थेतल्या टेबलावर मी तिच्या कागदांवर वजन म्हणून ठेवलेली असे, म्हणून मला माहीत आहे. हाल्फदाननी शेवटचा मसुदा वाचला आणि एका पानावर बोट ठेवले.

"हे रेघ मारल्याचं लिहायची गरज नाही. आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष बरोबर आहे. परीक्षक यावरच तुला धरतील."

"धरू देत."

"भीती नाही वाटत?"

"वाटते," सुन्निवा म्हणाली. "पण ते पान राहील."

हाल्फदान दाढी कुरवाळत बसले. मग म्हणाले, "तीनदा खात्री कर असं मीच तुला सांगितलं होतं. तेही लिही त्यात." आणि तिने लिहिले. परीक्षेच्या दिवशी परीक्षकांनी तिला त्या पानावर पाऊण तास उभे केले. तिची मान खाली गेली नाही, असे बाहेर आल्यावर तिने ओडवारला फोनवर सांगितले.

त्यानंतर आमचे दिवस फिरले. विजेवर चालणारी उपकरणे आली. ती एका दमात तळापर्यंत जातात आणि दर मीटरचा आकडा देतात. त्यांना निरोप्या लागत नाही. आम्हाला खोक्यात भरून जिन्याखाली ठेवले. झडपांची रबरे सुकली. एका तापमापकाचा पारा विखुरला. किती वर्षे तशी होते ते मी मोजले नाही. तिथे अंधार होता, पण तो कोरडा अंधार होता, आणि खोटे कशाला बोलू, मला तो आवडला. तिथे भिण्यासारखे काही नव्हते. इमारत बदलताना आम्हाला भंगारात काढले, तेव्हा केस पिकलेल्या सुन्निवाने माझा लाल पट्टा ओळखला आणि मला उचलून इथे, विंडेलच्या शाळेत, आणून टांगले.

गेल्या शरद ऋतूत ती पुन्हा आली होती, काठी टेकत. ओडवार आणि बोर्गहिल्ड दोघेही आता चर्चमागच्या दफनभूमीत आहेत. इथल्या शिक्षिकेशी ती माझ्याखाली उभी राहून बोलली.

"बाहेरचं पाणी आता पूर्वीइतकं थंड होत नाही," ती सांगत होती. "म्हणून पुरेसं जड होत नाही. शेवटचं ताजं पाणी आत आलं त्याला बारा वर्षं झाली. इतका काळ ते कधीच कोंडलं नव्हतं."

"मग आता मोजतं कोण?" शिक्षिकेने विचारले.

"मी मोजत होते. आता बोटीत चढता येत नाही."

"आणि दुसरं कोणी?"

सुन्निवाने कोटाची बटणे लावली. 

मित्रांनो, समोरच्या खिडकीतून मला फ्योर्ड दिसतो. वरून तो निळा आणि निवांत आहे. त्यावर आता सहा नव्हे, चौदा पिंजरे तरंगतात. धक्क्यावर मुले पाय सोडून बसतात, गळ टाकतात. त्यांच्या पायांखाली तो अंधार किती वर आला आहे, हे मला इथून कळत नाही. खाली जायची मला जन्मभर भीती वाटली, पण भिंतीवर टांगून हे न कळण्याची भीती तिच्याहून मोठी आहे.

दरवर्षी सणाच्या आधी मुले स्टुलावर चढून मला पॉलिश लावतात. त्यांचे हात प्रेमळ असतात आणि मी चकचकीत होते. जुन्या वस्तूंना जपावे, असे त्यांना शिकवलेले आहे, आणि ते चांगलेच आहे. पण मला चकाकण्यासाठी घडवले नव्हते. माझी रबरे गेली आहेत, एक तापमापक गेला आहे. मला न्यायचे नसेल तर नेऊ नका. तारेचा रहाट नसेल तर साधी दोरी घ्या, दोरीला जे काही बांधता येईल ते बांधा आणि कोणीतरी मोठे माणूस बरोबर घेऊन एकदा खाली सोडून पाहा. हात थरथरले तर थरथरू देत. वास आला तर घरी जाऊन सांगा.

पितळ नंतर पुसा. आधी पाणी बघून या.